एल्डन रिंग: मार्गिटला भिडण्याआधी

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम नव्याने घेतलेला माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडकतो. स्टॉर्मवेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, उभा असतो. दोन-तीन फटक्यांत तो आपल्याला आडवा करतो, पंधरा-वीस वेळा तेच होतं, आणि मग ‘हा गेम आपल्यासाठी नाही’ म्हणून डिस्क कुणाला तरी विकली जाते. यात हातांचा दोष नसतो. माणूस तिथे फार लवकर पोचलेला असतो. विश्रांतीच्या प्रत्येक जागेतून, म्हणजे ‘ग्रेस’मधून, सोनेरी प्रकाशाची एक रेघ निघते आणि पुढची दिशा दाखवते. ती रेघ सरळ मार्गिटकडे नेते. वाट खरी असते, पण त्या वाटेला लागण्याआधी बरंच काही करून घ्यायचं असतं आणि गेम ते स्वतःहून सांगत नाही. सोपं-अवघड निवडायची सोयही यात नाही. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने २५ फेब्रुवारी २०२२ ला हा गेम आणला, तेव्हापासून त्यातली अडचण सगळ्यांना एकसारखी आहे. ती कमी होते ती तयारीने.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरात बसून खेळणाऱ्यांची तयारी गेम सुरू होण्याआधीच सुरू होते, म्हणून आधी तेवढं उरकू.

यंत्र, नेट आणि वीज

पीसीवर किमान लागतं ते असं: इंटेलचा आय५-८४०० किंवा रायझन ३ ३३००एक्स, १२ जीबी रॅम, ३ जीबीचं जीटीएक्स १०६० किंवा ४ जीबीचं आरएक्स ५८०, आणि ६० जीबी मोकळी जागा. लॅपटॉपवाल्यांचं घोडं सहसा रॅमवर अडतं. ८ जीबीवर गेम सुरू झाला तरी घोड्यावरून दौडताना दर थोड्या वेळाने चित्र गोठतं, आणि नेमक्या त्याच क्षणी फटका बसतो. दुसरी जागा मोकळी असेल तर आणखी एक ८ जीबीची पट्टी टाका. महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन फ्रेम वाढवायच्या मागे लागू नका, गेम ६० फ्रेमवरच बांधलेला आहे. चित्र अडखळत असेल तर शॅडो, ग्रास आणि व्हॉल्युमेट्रिक या तीन सेटिंग खाली आणा, रे ट्रेसिंग बंद ठेवा आणि गेम हार्ड डिस्कवर न टाकता एसएसडीवर टाका.

मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा धरला तर ६० जीबी उतरवायला महिना जाईल. ज्या मित्राकडे फायबर आहे त्याच्या पीसीवर तुमच्या स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) अकाउंटने गेम उतरवा, गेमचा अख्खा फोल्डर पोर्टेबल डिस्कवर घ्या आणि घरच्या स्टीमच्या फोल्डरात त्याच जागी ठेवा. मग इन्स्टॉल दाबलं की स्टीम आहेत त्या फायली तपासून घेतं आणि राहिलेलं तेवढंच उतरवतं. पीएस४ असेल तर डिस्क घेणं सोयीचं. एकट्याने खेळायला नेट लागत नाही.

विजेचं मात्र गंभीरपणे घ्या. गेम सारखा स्वतःहून सेव्ह होत असतो, आणि नेमकं तेव्हा लाइट गेली तर सेव्ह फाइल खराब होऊ शकते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात खेळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पीसीला यूपीएस लावा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस चालेल, त्यावर मिळणारी काही मिनिटं खेळायला नव्हे, मेनूतून नीट बाहेर पडायला वापरायची. आठवड्यातून एकदा सेव्हची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोजमध्ये ती ॲपडेटामधल्या रोमिंग फोल्डरात, एल्डन रिंग याच नावाच्या फोल्डरात असते.

हा गेम पॉजही होत नाही. मेनू उघडला तरी शत्रू मारतच राहतो. आईने हाक मारली, दारात कुणी आलं, तर एक आडवाट आहे: मेनूतून इक्विपमेंट उघडा, मदतीचं बटण दाबा (प्लेस्टेशनवर टचपॅड) आणि ‘मेनू एक्स्प्लनेशन’ निवडा. ती सूचना पडद्यावर आहे तोवर सगळं थांबतं.

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. तो बंद असेल तर बटण दाबल्यावर पडद्यावरची हालचाल किंचित उशिरा होते. मालिका बघताना ते कळत नाही, पण इथे तेवढ्या उशिराने रोल, म्हणजे वार टाळायची कोलांटी, चुकतो आणि माणूस आठवडाभर स्वतःलाच दोष देत बसतो.

मजकूर मराठी, कन्नड, हिंदी यांपैकी कशातच नाही. गेम जपानी असला तरी पात्रं इंग्रजीत बोलतात. त्याची धास्ती नको. रोज लागणारे शब्द आठ आहेत, आणि ते आठ म्हणजे लेव्हल वाढवतानाच्या आठ ओळी. व्हिगर म्हणजे जीव, हेल्थची लाल पट्टी. माइंड म्हणजे निळी पट्टी, मंत्र आणि खास डावांना लागणारी एफपी. एन्ड्युरन्सने स्टॅमिना वाढतो आणि अंगावर जास्त वजन पेलतं. स्ट्रेंग्थ जड शस्त्रांना, डेक्स्टेरिटी चपळ शस्त्रांना. इंटेलिजन्स आणि फेथ मंत्रांसाठी, आर्केन रक्तस्रावासारख्या गोष्टींसाठी. शस्त्राच्या माहितीत यांच्यापुढे ई, डी, सी, बी, ए, एस अशी अक्षरं दिसतात. ई सर्वांत कमी, एस सर्वांत जास्त. तो गुण वाढवल्यावर त्या शस्त्राचा मार किती वाढेल, ते हे अक्षर सांगतं.

कोण म्हणून सुरू करायचं

दहा प्रकार आहेत. पहिल्यांदा खेळणाऱ्याने व्हॅगाबॉन्ड घ्यावा. व्हिगर १५ पासून सुरू होतो, तलवार मिळते, आणि मुख्य म्हणजे त्याची हीटर शील्ड अंगावर येणारा साधा मार पूर्ण अडवते. सामुराई दिसायला देखणा, उचिगाताना तलवार आणि धनुष्य दोन्ही मिळतात, पण त्याच्या ढालीतून थोडा मार झिरपतो. दुरून मंत्र मारत खेळायचं असेल तर ॲस्ट्रॉलॉजर. रेच घेऊ नका. तो लेव्हल १ चा, सगळे गुण १०, हातात एक सोटा, अंगावर काही नाही.

सोबत एक भेटवस्तू निवडायची असते. ‘गोल्डन सीड’ निवडा, औषधाचा एक घोट वाढतो.

सुरुवातीचा अनेक हातांचा राक्षस आपल्याला मारायलाच ठेवलेला आहे, हरलात तर काही बिघडलं नाही. शुद्ध आल्यावर थोडं पुढे एक भुताटकी आकृती खड्ड्याच्या कडेला बसलेली दिसते. त्या खड्ड्यात उडी मारा. खाली शिकवणीची गुहा आहे, दहा मिनिटांत हात बसतो. घाईत पुढे निघालेले हीच गुहा चुकवतात.

हात बसवायचा तो असा

रोल बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होतो. तेच बटण दाबून धरलं की पळणं होतं, म्हणून गेमला तुमचा अंगठा उठेपर्यंत थांबावं लागतं. घाबरून बटण दाबून धरणाऱ्याचा रोल त्यामुळेच उशिरा निघतो. टिचकी मारल्यासारखं दाबायचं आणि सोडायचं. दुसरं म्हणजे, गेम दाबलेली बटणं रांगेत ठेवतो. फटका खाताना चार वेळा रोल दाबलात तर सावरल्यावर नको असलेला रोल होतोच. एकदाच दाबा.

वजन बघा. इक्विपमेंटच्या पानावर वजनाचा आकडा असतो. पेलण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत मध्यम, त्यापुढे जड. जड झालात की रोल म्हणजे धपकन पडणं. ३० टक्क्यांखाली हलकं, तेव्हा रोल लांब जातो. नवख्याने ७० च्या आत राहावं. त्यासाठी शिरस्त्राण काढावं लागलं तर काढा, पाठीवरचा जड भाला हातात येत नसेल तर तोही काढा.

ढाल सतत वर धरून चालू नका. ढाल वर असताना स्टॅमिना हळू भरतो. फटका येताना दिसला की वर करा, अडवला की लगेच जोराच्या फटक्याचं बटण दाबा. याला गार्ड काउंटर म्हणतात आणि सुरुवातीच्या सैनिकांविरुद्ध यासारखं दुसरं हत्यार नाही. तीन-चार वेळा जमलं की शत्रूचा तोल जातो, तो गुडघ्यावर येतो. मग समोर उभं राहून साधा फटका मारला की मोठी जखम. उडी मारून दिलेल्या जोराच्या फटक्यानेही तोल लवकर जातो.

शस्त्र दोन्ही हातांत धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते. वीपिंग पेनिन्सुलातल्या मॉर्न किल्ल्यात मिळणाऱ्या ग्राफ्टेड ब्लेडला स्ट्रेंग्थ ४० लागते, पण दोन हातांत ती २७ ला पेलते. दोन्ही हातांत धरायला प्लेस्टेशनवर त्रिकोण धरून आर१ दाबा.

लढाई पटकन समजते ती कुस्ती बघितलेल्यांना. आपल्याकडच्या आखाड्यात पैलवान आल्या आल्या डाव टाकत नाहीत, आधी खडाखडी चालते. समोरचा कुठल्या पायावर भार देतो, कुठे मोकळा राहतो, हे हातांना कळू देतात. इथेही नव्या शत्रूसमोर पहिल्या दोन-तीन खेपा मारायचंच नाही. ढाल धरा, बाजूला सरका, आणि त्याचा एकेक डाव कुठे संपतो ते बघा. संपल्यावर एक फटका, फार तर दोन. तिसऱ्याचा मोह बहुतेकांचा जीव घेतो.

पहिली फेरी

गुहेतून बाहेर पडल्यावर समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार गस्त घालताना दिसेल. त्याला लांबून वळसा घाला. त्याच्याशी लढणं सक्तीचं नाही, आणि लेव्हल १० ला तर नकोच. जवळच्या चर्च ऑफ एलेहमध्ये काले नावाचा व्यापारी बसतो. त्याच्याकडून ३०० रुन्सचं क्राफ्टिंग किट (वस्तू बनवायचं साहित्य) घ्या. रुन्स म्हणजे शत्रू मारून मिळणारं या गेममधलं चलन. तिथेच एक छोटा ऐरण-टेबल आहे, त्यावर शस्त्र +३ पर्यंत वाढतं.

उत्तरेकडे गेटफ्रंटच्या ग्रेसला बसा. मेलिना भेटते, टॉरेंट नावाचा घोडा देते, आणि तिथून पुढे रुन्स देऊन लेव्हल वाढवता येते. ती भेटेपर्यंत लेव्हल वाढतच नाही, त्यामुळे आधी रुन्स जमवत बसण्यात अर्थ नाही. गेटफ्रंटच्या पडक्या तळावर रस्त्याकडेच्या दगडी खांबापाशी नकाशाचा तुकडा आहे, तळघरातल्या पेटीत शस्त्रांवरचे खास डाव बदलायला लागणारी व्हेटस्टोन नाइफ आहे. दोन्ही घ्या. सैनिक दाटीने आहेत, वाकून, एकेकाला मागून गाठा.

घोडा मिळाल्यावर रात्री पुन्हा चर्च ऑफ एलेहला जा. रेना नावाची बाई तिथे दिसते. ती आत्मे बोलवायची घंटा आणि तीन लांडग्यांची राख देते. लांडगे फक्त ठराविक जागी बोलावता येतात. तशा जागी पडद्याच्या डावीकडे छोटी खूण उमटते.

मेलात की रुन्स तिथेच पडतात. परत जाऊन उचलण्याआधी पुन्हा मेलात तर ते गेले. म्हणून बॉसच्या दारात जाण्याआधी हातातले रुन्स खर्च करून टाका. पिशवीतले ‘गोल्डन रून’ मात्र मेल्यावरही राहतात. ते फोडू नका, एखाद्या लेव्हलला थोडे कमी पडले तरच फोडा.

आधी दक्षिणेला

इथे त्या सोनेरी रेघेकडे पाठ फिरवायची. सॅक्रिफाइसच्या पुलावरून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुला आहे. तिथले शत्रू झेपण्याजोगे आहेत, आणि तीन चर्चमध्ये एकेक ‘सेक्रेड टिअर’ आहे: कॅलू बॅप्टिस्मल चर्च, चर्च ऑफ पिलग्रिमेज आणि मारिकाचं चौथं चर्च. चौथा टिअर लिमग्रेव्हच्या, म्हणजे सुरुवातीच्याच प्रदेशाच्या, पूर्वेला मारिकाच्या तिसऱ्या चर्चमध्ये. तिथेच वेगवेगळे थेंब मिसळून प्यायची वंडरस फिजिक ही कुपीही मिळते. टिअरने प्रत्येक घोटात भरणारा जीव वाढतो, गोल्डन सीडने घोटांची संख्या. एक सीड स्टॉर्महिल शॅकजवळच्या चमकत्या रोपाशी आहे. ते घ्यायला गेलात की शॅकमध्ये बसलेल्या रोडेरिकाशीही बोला, ती जेलिफिशची राख देते. ती राख लांडग्यांपेक्षा टिकाऊ.

आता शस्त्र. नवे खेळाडू सगळे रुन्स स्ट्रेंग्थवर ओततात आणि मार का वाढत नाही म्हणून वैतागतात. सुरुवातीला मार वाढतो तो शस्त्र घडवून. साध्या शस्त्राला +१ साठी पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन २, +२ साठी ४, +३ साठी ६ लागतात. एकूण १२. हे दगड अघील तळ्याच्या उत्तरेच्या लिमग्रेव्ह टनेल्स या खाणीत मिळतात. नकाशावर अशा खाणींच्या तोंडाशी लालसर कडेचं काळं वर्तुळ असतं. आतल्या खाणकामगारांची कातडी दगडी आहे, तलवार तिच्यावरून ठिणग्या उडवत घसरते. सोट्यासारखं ठोकणारं शस्त्र असेल तर तेच हातात घ्या, नसेल तर दोन्ही हातांनी जोराचे फटके द्या. ज्या खास शस्त्रांना सोंबर दगड लागतात त्यांचं गणित वेगळं: दर पायरीला एकच दगड, आणि कमाल +१०. साधी शस्त्रं +२५ पर्यंत जातात.

लेव्हल कशावर खर्चायची? आधी व्हिगर. २५ ला हेल्थ ८०० होते, ४० ला १४५०, ६० ला १९००. त्यापुढे ९९ पर्यंत नेलं तरी २१०० च. म्हणजे २५ ते ४० या टप्प्यात प्रत्येक लेव्हलला सर्वांत जास्त मिळतं. मार्गिटपर्यंत ४० होणार नाही, पण २० च्या पुढे नक्की न्या. उरलेल्यातून शस्त्र पेलण्यापुरती स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटी आणि वजनापुरता एन्ड्युरन्स.

दोन ठिकाणांपासून लांब राहा. पूर्वेला आभाळ लाल झालं की तो केलिड हा फार अवघड प्रदेश, मागे फिरा. आणि अघील तळ्याकाठच्या ड्रॅगन-बर्न्ट रुइन्सच्या तळघरातली पेटी उघडलीत तर धूर येऊन तुम्ही थेट केलिडच्या एका खाणीत जाऊन पडता. आतून नकाशाने परत उडी मारता येत नाही. घाबरून लढत बसू नका, पळत खाणीबाहेर उघड्यावर या, मग कुठल्याही ग्रेसला जाता येतं.

मार्गिट

लेव्हल २० ते २५, शस्त्र +३, दोन-तीन टिअर. एवढं झालं की निघा. त्याआधी मर्कवॉटर गुहेत पॅचेस नावाचा ठग आहे. अर्धा मार खाल्ला की तो गुडघे टेकून क्षमा मागतो. तिथे हात थांबवा. जवळच्या ग्रेसला बसून परत या, तो दुकान मांडून बसलेला असतो. त्याच्याकडे ५००० रुन्सला ‘मार्गिट्स शॅकल’ ही बेडी मिळते. मार्गिटच्या पहिल्या टप्प्यात ती दोनदा चालते आणि काही क्षण त्याला जमिनीला खिळवते. धुक्याच्या दाराबाहेर जमिनीवर सोनेरी खूण दिसली तर ती दाबून रोजियर नावाच्या साथीदाराला सोबत घ्या. राखेतले आत्मेही शिवाय बोलावता येतात, आणि ते आत शिरल्या शिरल्या बोलवा, मग वेळ मिळत नाही.

त्याची लाठी वर जाते. आणि वरच थांबते. आपला अंगठा त्या थांबण्यातच सुटतो, रोल होतो, उठतो न उठतो तोच लाठी डोक्यात. गेम बनवणाऱ्यांनी हा ठहराव मुद्दाम ठेवला आहे. लाठी वर गेल्याकडे बघू नका, खांदा खाली यायला लागला की रोल मारा, आणि मागे नको, त्याच्या अंगाकडे, काखेखालून पाठीशी. मागे रोल मारणारा लाठीच्या टोकावर सापडतो. पाठीशी पोचलात की एक फटका. लगेच दुसरा उगारलात तर मोकळ्या हातात प्रकाशाचा चाकू काढून तो झटक्यात फिरवतो, नाहीतर शेपूट फिरवतो. त्याची लाठी जमिनीत जोरात आपटली तरच दोन फटके घ्या.

औषध लांब जाऊन पिऊ नका, तो चाकू फेकतो. तो लांडग्यांकडे किंवा रोजियरकडे वळलेला असेल तेव्हा प्या.

अर्ध्याच्या आसपास जीव उरला की तो प्रकाशाचा मोठा हातोडा काढतो आणि उंच उडी घेतो. हवेत असताना मोजत थांबा, खाली झेपावताना त्याच्याखालून पुढे रोल. हातोडा आपटून तो वाकलेला असतो, सर्वांत लांब मोकळी वेळ तीच. राखून ठेवलेला उडीचा फटका इथे द्या. सलग सात-आठ वेळा हरलात तर त्या दिवशी बंद करा. दुसऱ्या दिवशी तेच डाव हातांना ओळखीचे वाटतात.

तो पडला की पुढे किल्ल्याचा मुख्य दरवाजा. डावीकडच्या खोलीत गोस्टॉक नावाचा पहारेकरी आहे. दरवाजा उघडू का, असं तो विचारेल. नको म्हणा. समोरच्या चौकात मोठे बाण सोडणारी यंत्रं आणि सैनिक तयार बसलेत. त्याच खोलीच्या भिंतीतल्या भगदाडातून कड्याच्या कडेने वाट जाते, ती धरा. आणि किल्ल्यात मेल्यावर रुन्स थोडे कमी परत मिळाले तर चक्रावू नका, ते हाच गोस्टॉक पळवतो.